नाळेचे कलम

स्वस्ति श्रीमत्सकलगुणालंकृत, पिंपळगावराजाकुलावतंस, पाकशास्त्रपारंगत, अन्नपूर्णा महिला बचत गटाच्या तहहयात अध्यक्षा, भाकरीच्या टोपलीच्या सार्वभौम स्वामिनी, पतिगर्वहारिणी, मौनास्त्रधारिणी, सौभाग्यवती पुष्पांजलीदेवी यांच्या चरणांशी (चरण सांप्रत माहेरी असल्याकारणाने त्या दिशेस तोंड करून) व्याख्याभास्कर, शब्दमार्तंड, ग्रामसभाकंठमणी (हे बिरुद गेल्या शनिवारी काढून घेण्यात आले), शेजारच्या अमडापूर येथील विद्यालयाचा संस्कृताध्यापक, सांप्रत अर्धपोटी, मोतीराम याचे कृतानेक साष्टांग नमस्कार. विनंती विशेष ऐसीजे:

प्रिय पुष्पा,

दूरध्वनी या यंत्रावरचा माझा विश्वास उडाला आहे. तू तो उचलत नाहीस म्हणून नव्हे. परवा तू तो उचललास आणि ‘कोन?’ एवढेच विचारून खाली ठेवलास म्हणून. सव्वीस वर्षांच्या सहजीवनानंतर पत्नीने ‘कोन?’ असे विचारावे आणि पतीला त्याचे व्याकरणशुद्ध उत्तर सुचू नये, हा प्रसंग मी वैऱ्यावरही येऊ देणार नाही. संदेश पाठवतो, तर निळ्या खुणा उमटतात. म्हणजे वाचन होते, चिंतन होत नाही. सासूबाईंच्या मोबाइलवर लावावा, तर त्या ‘जावईबापू, पोरगी झोपली हाये’ असे सांगतात. सकाळीही झोपलेली, भर दुपारीही झोपलेली, आणि पाठीमागे कुकर मात्र शिट्ट्यांवर शिट्ट्या देत असतो. निद्रिस्त माणसाच्या घरी इतका स्वयंपाक मी प्रथमच ऐकला. म्हणून हे पत्र. पत्राला एक थोर गुण आहे. ते मध्येच तोडता येत नाही आणि त्याला ‘मुद्द्याचं बोला’ असे सांगता येत नाही.

तरीही मुद्दा आरंभीच सांगतो, कारण वेळ थोडा आहे. येत्या शनिवारी पुन्हा ग्रामसभा भरणार आहे आणि सोमवारी नाल्यावरच्या पुलाचा पाया खणायला घेतील. तोवर ‘स्थानिक’ कोण हे ठरले नाही, तर मजूर कंत्राटदाराचे, मुकादम कंत्राटदाराचा आणि मजुरांची खानावळही कंत्राटदाराचीच. तुझ्या गटाने चिखलीहून आणलेली ती दोन गजांतलक्ष्मी पातेली शालूबाईच्या ओसरीत पालथी पडली आहेत. एकाखाली कोंबडी बसते. दुसऱ्यावर शालूबाई बसते आणि मी रस्त्याने जाताना दिसलो, की पळीने ते वाजवते.

या सर्व अनर्थाला मी कारण आहे, असा जो प्रवाद पिंपळगाव राजापर्यंत पोहोचला असेल, त्याचे निराकरण करणे मला क्रमप्राप्त आहे. तुला आठवत असेल, मागे रस्त्याचे काम निघाले तेव्हाही ‘स्थानिकांनाच काम’ अशी अट होती. त्या कंत्राटदाराने माणसे आणली बाहेरूनच, परंतु पंधरवड्यात त्यांच्या आधार कार्डांवर आपल्या गावाचा पत्ता उमटला आणि सरपंच उकंडरावांच्या गोठ्यात कागदोपत्री एकतीस इसम राहू लागले. म्हैस धरून बत्तीस. आपली पोरे पाराखाली बसून दुसऱ्यांनी टाकलेली खडी मोजत राहिली. म्हणून या खेपेस पुलाला सरकारी निधी मिळताच ग्रामसभेने आधीच ठराव केला, की निम्मे मजूर गावचेच हवेत. वरून उत्तर आले: मान्य, पण गावचा म्हणजे कोण, ते तुम्हीच लिहून द्या. तेव्हा उकंडराव त्या संध्याकाळी आपल्या ओट्यावर आले आणि म्हणाले, “गुरुजी, असं लिहा का तो कागद हालवून बी हालला नाई पायजे.” पुष्पा, असे आवाहन माणसाला आयुष्यात एकदाच होते. तू चहा आणलास. मी लेखणी उचलली. पत्ता बदलता येतो, कार्ड बदलता येते, राहण्याची जागा बदलता येते. मग न बदलणारे काय? मला साक्षात्कार झाला. जन्म! मी लिहिले: ‘स्थानिक म्हणजे अशी व्यक्ती, जिची नाळ या ग्रामाच्या भूमीत निखात आहे.’ मग ‘निखात’ ठेवावे की ‘निक्षिप्त’, या विवंचनेत मी बराच काळ होतो. त्या वेळी तू स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणालीस. मी ‘हं’ म्हणालो. अखेर ‘निखात’च ठेवले. त्याच्या पुढच्या कलमात ‘खानावळ व तत्सम कामेही स्थानिकांनाच’ हे शब्द मी स्वहस्ते घातले, ते कोणासाठी, हे तुला सांगायला हवे काय? साडी आणली असती तर तू रंगाला नाव ठेवले असतेस, म्हणून मी कलम आणले.

सभेत ते कलम वाचले, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. ग्रामसभाकंठमणी हे बिरुद मला त्याच दिवशी मिळाले. बायकांच्या बाजूला तू बसली होतीस. तू टाळी वाजवली नाहीस, हे मी पाहिले होते. मला वाटले, मांडीवर गटाची पिशवी आहे.

त्यानंतर जे घडले, त्याचा दोष मी आपल्या पूर्वजांना देतो. नाळ कोठे पुरली, याचा दाखला देणार कोण? गावची जुनी सुईण रुखमाबाई. म्हातारीला आपण सगळे विसरलो होतो. ती आम्हाला विसरली नव्हती. तिने पारावर बाज टाकली, पान लावले आणि दाखल्यांचे कार्यालय उघडले. पहिले उमेदवार खुद्द उकंडराव, केवळ आदर्श घालून देण्यासाठी. रुखमाबाईने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. म्हणाली, “तू नाई बापा. तुह्या मायचं पयलं बाळंतपण, थे अमडापूरले माहेरी गेली होती. तू अमडापूरचा. दुसरा आन.” आणि मग गावाच्या ध्यानात आले, की पहिले बाळंतपण माहेरी होते! म्हणजे या गावात जितके थोरले, तितके सगळे परगावचे. घरोघरचा कर्ता पुरुष अपात्र आणि धाकटा पात्र. रामाने घरी बसावे आणि लक्ष्मणाने घमेली वाहावीत, असे उफराटे रामायण सुरू झाले. बरे, धाकटे तरी किती? पंचविशीच्या आतली पोरे सारी चिखलीच्या नाहीतर बुलढाण्याच्या दवाखान्यात जन्मलेली. त्यांच्या नाळेचे काय झाले ते त्या दवाखान्याच्या सफाईवालीलाही ठाऊक नसेल. ती तरुण पिढी त्रिशंकूसारखी लोंबकळत राहिली. मधल्या वयाचे धाकटे पोटासाठी केव्हाच शहरात गेलेले; गावात उरले ते साठीपुढचे धाकटे. त्यांतल्या एकाला ऐकू येत नाही आणि दुसरा फक्त तेच ऐकतो जे त्याला परवडते.

मी मनात म्हटले, व्याख्याकार तरी सुरक्षित आहे. बाजेजवळ गेलो. रुखमाबाईने पानाची पिंक टाकली आणि विचारले, “तू थोरला का धाकटा?” पुष्पा, मी थोरला आहे. हे मला पन्नास वर्षे ठाऊक होते आणि त्या क्षणी प्रथमच कळले. “मंग तू मेहकरचा. सरक, ऊन आडून राह्यलं.” योगिनी आपली पहिलीच, म्हणून ती पिंपळगावची. तिने पुण्याहून फोनवर विचारले, “बाबा, तुम्ही खरंच असं लिहिलं?” आणि माझे स्पष्टीकरण पूर्ण होण्याआधीच तिला मीटिंग आठवली. सारांश, आपल्या घरात कायद्याने स्थानिक अशी एकच व्यक्ती उरली, ती म्हणजे शेळी. ती याच गोठ्यात जन्मली. तेव्हापासून तिचा माझ्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला आहे.

इथवर हे हास्यरसात होते. दुसऱ्या दिवशी तुमच्या गटाचा अर्ज पंचायतीत आला. ग्रामसेवकाने माझे कलम काढले, चष्मा पुसला आणि सांगितले, की अर्जातल्या एकाही बाईची नाळ या गावात नाही. कशी असेल? सुना म्हटल्यावर साऱ्या बाहेरूनच आल्या. शालूबाई थेट माझ्या ओट्यावर आली. म्हणाली, “गुरुजी, मी नवरी होऊन आली तवा हा मारुतीचा पार बी नवता इथं. पार इथला अन मी परगावची?” हॉटेलवाल्या अब्दुल गनीची सलीमा तिच्या मागे होती. “माही नाळ मेहकरले असंन, पन माहा आवाज साऱ्या गावाले ऐकू येते. तो कुठचा हाये, थे बी लिहून द्या.” मी त्यांना व्याप्ती आणि अतिव्याप्ती यांतला भेद समजावू लागलो. तू आतून ऐकत होतीस. त्या दिवशी मात्र तू काहीच म्हणाली नाहीस.

रात्री पान वाढलेस. भाकरी नेहमीसारखी पापुद्र्याची होती. मग तू शांतपणे म्हणालीस, “तुमच्या कागदात मी पिंपळगावची. मंग इथं काऊन राहू? तिथं मले दाखला लागत नाई.” आणि मी, तुझा पती, शब्दमार्तंड, काय केले? मी मांडीवर थाप मारली आणि म्हणालो, “वा! अत्युत्तम कोटी!” ती कोटी नव्हती, हे सकाळी खुंटीवर तुझी पिशवी दिसली नाही तेव्हा कळले. तोवर शाळेत सहकाऱ्यांना ती ऐकवायची, असे मी ठरवूनही ठेवले होते.

तू गेल्यानंतरच्या घडामोडी तुला ठाऊक नसाव्यात, किंवा शालूबाईने सगळ्या सांगितल्या असाव्यात. तरीही अधिकृत वृत्तांत देतो. बातमी पसरली, तशा गावच्या लेकी परतू लागल्या. उकंडरावांची बहीण बेबीताई मेहकरहून पिशवी घेऊन उतरली. ही दुसरी, त्यामुळे अस्सल स्थानिक. “माही नाळ इथली. काय काम हाये थे सांगा,” म्हणून ती पंचायतीत ठाण मांडून बसली आणि घरी भावाला ‘पाव्हणे, हात धुवा’ असे म्हणू लागली. त्याहून कहर कंत्राटदाराचा. गोपालराव कंत्राटदार तू पाहिलेस. गॉगल, पांढरी गाडी, गळ्यात सोन्याचा गोफ. ज्यांना आवरण्यासाठी हे कलम रचले ते हेच. ते सहज म्हणून पारावर आले, तर रुखमाबाईने त्यांची हनुवटी धरली. “थांब बे! तू मारुतीमागच्या घरातल्या पोरीचा का? आरं, तुही नाळ म्याच पुरली, त्या नाल्याकाठच्या निंबाखाली!” गोपालरावांनी गॉगल काढला आणि म्हातारीच्या पाया पडले. सायंकाळी साऱ्या गावाला पेढे. त्यांच्या मावश्याही आपल्याच गावच्या, म्हणून त्यांच्या थोरल्या पोरांची, म्हणजे मावसभावांची, नावे दुसऱ्या दिवशी यादीत आली; कोणी जालन्याचा, कोणी अकोल्याचा. अट पाळून पुलाचे काम ते पूर्णतः बाहेरच्या माणसांकडून करू शकतात, असे सिद्ध झाले. हे मी स्वतः त्यांना वाचून दाखवले, कारण कलम त्यांना नीट कळले नव्हते. कळल्यावर त्यांनी मला दोन पेढे अधिक दिले. तो निंब पुलाच्या जोडरस्त्यात येतो. म्हणजे स्वतःची नाळ ते स्वतःच्याच जेसीबीने उपटणार आहेत, तेही सरकारी दराने. काव्यगत न्याय एवढाच.

माझे म्हणशील, तर मी अब्दुल गनीच्या हॉटेलात जेवतो. सकाळी पोहे, रात्रीही पोहे, कारण रात्री त्याच्याकडे सकाळचे उरलेले असतात. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर विचारले, “गुरुजी, वहिनी पिंपळगावच्या, तुम्ही मेहकरचे. म्हंजे तुम्ही दोघं बी या गावात पाव्हणेच ना हो? बसा, पाव्हण्याले शेव जास्ती.” हसण्याचा हक्क सर्वांना आहे, पण त्याच्या हसण्यात सलीमाची शिकवण होती. हल्ली तो शेव कमी टाकतो. म्हणतो, जुने पाहुणे झालात.

तेव्हा मी दुसरी व्याख्या करायला घेतली. हे पुनरावलोकन होते, माघार नव्हे. हा भेद तू लक्षात ठेवावास. मी विचार केला, की सुनांना गावच्या ठरवायचे तर नाळेऐवजी चूल धरावी. नाळ एकदा पुरली की संपले, चूल रोज पेटवावी लागते. गेल्या शनिवारी सभेत उभा राहिलो आणि वाचले: ‘ज्याचा वा जिचा पाकाग्नी या ग्रामी नित्य प्रज्वलित होतो, ती व्यक्ती स्थानिक.’ बायकांच्या बाजूने प्रथमच कुजबूज झाली. शालूबाईने पदर सावरला. मला क्षणभर वाटले, हे पिंपळगावापर्यंत जाईल. तोच गोपालराव उठले, अत्यंत नम्रपणे. “गुरुजी, आमच्या साइटवरच्या शेडमध्ये रोज सात चुली पेटून राह्यल्या. त्या बी नित्यच हायेत.” म्हणजे दुसऱ्या व्याख्येनेही तेच स्थानिक! मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, इतक्यात रुखमाबाई बाजेवरून ओरडली, “अन गुरुजी, तुह्या घरची चूल कुठं पेटते? तू तर गनीकडं पडून राहतं!” मी म्हणालो, गॅसचा धूर दिसत नसतो. अब्दुल गनी उभा राहिला. साक्ष देणाऱ्याने छातीवर हात ठेवण्याची गरज नसते, तरी त्याने ठेवला. “खोटं काऊन बोलू? दोन्ही टायमाचे पोहे माह्याकडं.” सभा दहा मिनिटे हसत होती. पहिल्या व्याख्येने मला मेहकरला धाडले होते. दुसरीने कुठे धाडले, याचा तर थांगपत्ताच नाही.

उकंडरावांनी हात जोडले. “गुरुजी, आता तुम्ही लिहू नका. पाया पडतो.” बिरुद त्या वेळी गेले. परंतु त्यापुढे ते जे बोलले त्यासाठीच, पुष्पा, हे इतके लांब पत्र मी लिहिले आहे. त्याआधीचे सगळे, तू म्हणतेस तसे, मुद्द्याचे नव्हते. ते डोके खाजवत म्हणाले, “त्या दिशी आपुन ओट्यावर चा पेलो, तवा वहिनी आतून कायतरी बोलल्या होत्या. गावचा कोन, याच्यावरच. बराबर होतं थे. मले एवढं ध्यानात हाये का बराबर होतं. काय होतं थे नाई ध्यानात.” सगळी सभा माझ्याकडे वळली. मी तर तुझ्यापासून दहा पावलांवर बसलो होतो. मला ‘निखात’ आठवते, ‘निक्षिप्त’ आठवते, चहात आले जास्त पडले होते ते आठवते. तू काय म्हणालीस ते मला आठवत नाही. कारण आठवण्यासाठी आधी ऐकावे लागते. तेव्हा सभेने ठराव केला, की ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ अन्नपूर्णा गटाच्या अध्यक्षांनी स्वतः येऊन सांगावा आणि तो जसाच्या तसा लिहून घ्यावा. अनुमोदन मी दिले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत लहान भाषण: “अनुमोदन.” तर शनिवारी ये. गटासाठी ये, शालूबाईच्या पातेल्यांसाठी ये. माझ्यासाठी यायचे की नाही, ते मी सुचवणार नाही, कारण मी सुचवलेले सगळे उलटते. त्या संध्याकाळी तू जे म्हणालीस ते पुन्हा एकदा म्हण, मी या खेपेस लेखणी खाली ठेवून ऐकेन. त्यात मेहकरात जन्मलेल्या आणि चूल विझलेल्या एका इसमाला या गावात जागा उरते का, हेही तेव्हाच कळेल. ‘कोन?’ या तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच मिळेल, असे वाटते.

तुझाच (स्थान अनिश्चित),
मोतीराम

ता. क. आपण पाहुणे नाही, हे सभेला दाखवण्यासाठी काल घरी खिचडी लावली. कुकरची रबरी रिंग कोठेही नाही. फळीवर पाहिली, पिठाच्या डब्यामागे पाहिली, खिळ्याला पाहिली, शेळीच्या तोंडातही पाहिली. रिंगेवाचून लावला, तर शिट्टी न होता वाफ चहूबाजूंनी गेली आणि खाली डाळीचा कोळसा झाला. सासूबाईंच्या घरचा कुकर इतका उत्तम शिट्ट्या देतो, तो कोणाच्या रिंगेवर, एवढे तरी कळव.